निंब जागचा हलला नाही

ता. ५ मे १९३४, शनिवार. अमरावती.

इवायाचा मान राखण्याचा खर्च, काल मूर्तिजापूरच्या अलीकडे झालेला, येणेप्रमाणे: मोटारीचा डावा दिवा. डावं मडगार्ड. समोरची जाळी, तिच्यामागच्या पाण्याच्या टाकीसकट. धोंड्याच्या वाणाचे तेहतीस अनारसे. निम्मे धुळीत गेले, बाकीचे कांद्याच्या गाडीवाल्यानं खाल्ले, त्याला नाही कोण म्हणणार. यमुनेच्या बांगड्या. इवायाचा फेटा (सापडला, पण बैलाच्या खुराखाली).

माणसं सगळी धड आहेत. देवाची कृपा, आणि निंबाची.

मान दुखते. पुढचं उद्या.

ता. ६, रविवार.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर महिनाभरात या गोष्टीच्या चार गोष्टी होतील.

अधिक महिना. यमुना आणि जवाई धोंड्याचं जेवायला आले. सोबत यमुनेचे सासरे, अकोल्याचे नारायणराव, म्हणजे आमचे इवाई. पाहुणचार झाला, इवाई खूष. शुक्रवारी त्यांना मोटारीनं अकोल्याला पोचवायला निघालो. चाकावर गफूर ड्रायव्हर, त्याच्या बाजूला इवाई, मागे आम्ही तिघं आणि वाणाचं ताट. कुरूम मागे पडलं, रस्ता सरळ लागला आणि इवाई म्हणाले, "इवाई, द्या न एक डाव मले. त्यात काय हाये येवढं?"

गफूरनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी यमुनेकडे. यमुनेनं पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर. अधिकाच्या महिन्यात मुलीचा बाप 'नाही' हा शब्द घरी कुलपात ठेवून निघतो. म्हणालो, "चालवा की. तुमचीच हाये."

इवाई शंकरपटातला, बैलांच्या शर्यतीतला माणूस. तरुणपणी त्यांच्या जोडीचं नाव होतं, बार्शीटाकळीकडे म्हातारे अजून काढतात. आता अकोल्यात बेंच मॅजिस्ट्रेट, बिनकंदिलाच्या टांगेवाल्यांना दंड करतात. मैलभर झकास चालवली, मी मनात म्हटलं, शिकला की हा माणूस. तोच वळणावर कांद्याची गाडी समोर. गफूर ओरडला, "बिरीक! बिरीक दाबा!" इवायांनी दोन्ही पाय रोवले, दोन्ही हातांनी चाक कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि गरजले, "होऽऽ! होऽऽ राजा!"

समोरच्या गाडीचे बैल जागच्या जागी थांबले. मोटार रस्त्याकडेच्या निंबापाशी थांबली.

मग त्याच बैलांनी मोटार मूर्तिजापूर टेसनापर्यंत ओढत नेली. कासरा इवायाच्या हातात. नाकाच्या रेषेत नेली, एक गचका नाही. गफूर मोटारीत चाक धरून बसला होता, तोंड फिरवून. खांदे हलत होते त्याचे.

तिथून आम्ही रेल्वेनं अकोला, मोटार मागून अकोल्याच्या मिस्त्रीकडे. जवाई बिचारा बापाकडे पाहील की सासऱ्याकडे.

ता. ७, सोमवार.

गोगटे मास्तर आले. शाळा सोडून विम्याची एजंटी करतात, आमच्या मोटारीचा विमा त्यांनीच उतरवला. पुण्याकडचे. आल्या आल्या, "बघा, घेतलात ना विमा? तुम्ही तर म्हणत होता, आपल्याला काय होतंय!" आनंद असा की मोटार त्यांनीच आदळली असती तरी एवढा झाला नसता.

फॉर्म काढला. इंग्रजी. मास्तर वाचतात, मी सांगतो, मास्तर लिहितात. गाडी कुठली, रस्ता कुठला, ऊन की पाऊस. मग आला तो रकाना. अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, नाव आणि परवाना.

"रिकामा ठेवा," म्हटलं.

"असं कसं हो? सगळा क्लेम त्याच्यावर तर उभा आहे. तुमचा ड्रायव्हरच ना?"

"ठेवा म्हटलं न बाप्पा."

मास्तर शहाणे. पेन्सिल खाली ठेवली, चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, विनापरवाना माणूस असेल तर कंपनी छदाम देणार नाही. आणि महिन्याच्या आत फॉर्म गेला पाहिजे. मग विचारलं, गाडीत आधीपासून काही खोट नव्हती ना?

इथे मला राहवलं नाही. म्हटलं, "मास्तर, मी टोपलं डोक्यावर घेऊन इतवाऱ्यात टरबुजं विकली हायेत. बोटानं वाजवून सांगायचो, अंदर लाल का पांढरं. मोटार घेतली थे बी आवाज आयकून. या ओसरीवर डोये मिटून बसतो, अन् सांगतो कोनती मोटार डाक्टरची, कोनती वकिलाची. माही तं बडनेऱ्याच्या फाटकापासून ओयखीन."

मास्तर "वा वा" म्हणाले. आतून सौ.: "लालबुंद म्हनून देल्लेलं पांढरं निंगालं होतं, बाई भांडाले आली होती, थे सांगा न."

चहा आणायला सांगितला.

ता. ९, बुधवार.

सकाळी गफूर. टोपी हातात. "सेठ, माझं नाव लिवून टाका. ड्रायवर मी, तं चालवली मीच. इवाईसायबाची इज्जत, ताईचं सासर. मले काय होते? एक शेरा पडीन लायसनवर. पडू द्या."

त्याला हाताला धरून ओसरीवर बसवलं, मनापासून. आणि त्याच वेळी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात हिशेब सुटला: गफूरचं नाव, कंपनीचे पैसे, इवायाची अब्रू, तिन्ही एका टोपल्यात. असा सौदा बाजारात रोज मिळत नाही. मास्तर ठेवून गेलेल्या फॉर्मवर पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं. पेन्सिलीनंच.

ता. ११, शुक्रवार.

सौद्यासाठी अचलपूरकडच्या संत्र्याच्या बागा पाहून आलो, मोटार नाही तर सर्व्हिस लॉरीनं. गुडघे छातीला लागतात, पण लोकांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. मोटारीत त्या बंद झाल्या होत्या. बागा ताणावर सोडल्या आहेत. पाणी तोडलं की पानं मलूल होतात, नवा माणूस घाबरून मोट सुरू करायला धावतो. धावू नये. ताण नीट बसला तर पाऊस लागताच झाड फुलानं भरतं.

दुपारी अंगणात आडवा पडलो होतो. मागच्या दाराशी गफूरची बायको आणि सौ. बोलत होत्या. माझे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. ती म्हणत होती, "भाभी, यायनं सांगतलंच नसन तुमाले. माह्या भावासंग लॉरी घेऊन राह्यले, अमरावती-अचलपूर. परमिटाचा अर्ज गेला. साफ लायसन मांगते सायब. शेरा पडला की गेलं थे. पाच वर्स झाले आमी लॉरीच्या नावानं रोटी चुपडून खाल्ली नाई."

सौ. म्हणाली, "मंग तो काहून बोल्ला नाई?"

"बोलते थोडाच. सेठ सेठ करते."

उठून रबर शोधलं. नाव पुसलं. कागदावर खड्डा राहिलाच थोडा.

पाच वर्षं हा माणूस माझ्यासोबत आहे. मोटारीचा आवाज ऐकला, याचा नाही.

ता. १४, सोमवार.

अधिक संपला. आता 'नाही' म्हणायला मोकळा, पण विचारतो कोण.

जवाई बाजाराच्या कामानं आले, उभ्या उभ्या. खाली मान घालून सांगितलं, बाबा अकोल्यात सगळ्यांना सांगतात की बिरीक गेला म्हणून. "इवायाची मोटारच खराब होती, मी होतो म्हणून सगळे वाचले," असं.

जेवण गोड लागलं नाही. दिवा फुटला त्याचं नाही एवढं वाटलं. माझी मोटार खराब! ऐकून घेतलेली मोटार!

सौ. वाढता वाढता हसली. म्हणे, "तुमाले पैशाचं दुक नाई, कानाचं हाये."

ता. १५, मंगळवार.

मास्तर पुन्हा. त्यांना म्हटलं, बिरीक गेला असं लिहिलं तर? म्हणाले, "मग कंपनी विचारेल, ब्रेक नादुरुस्त असताना गाडी रस्त्यावर आणलीच का? तुमची हयगय. तेही पैसे गेले." म्हणजे इवायाच्या खऱ्यानंही जातात आणि खोट्यानंही जातात.

"मग तुमचंच नाव घाला की, शेट. परवाना आहे तुमच्याकडे."

आहे. तोही विचार केला होता. पण कांद्याच्या गाडीवाल्यानं पाहिलं की मोटारीच्या चाकावरून उतरून बैलांचा कासरा कोणी घेतला, आणि तो कोणाच्या हातात होता ते मूर्तिजापूरच्या अर्ध्या टेसनानं. आणि दुसरं असं. भावात मी खोटं बोललो आहे, रोज बोलतो, समोरचाही बोलतो, त्याला धंदा म्हणतात. मालात कधी खोटं केलं नाही. वर चांगली वांगी, खाली किडकी, असं टोपलं मी कधी भरलं नाही. हा फॉर्म भाव नाही, माल आहे. मास्तरला हे सांगितलं, त्यांना पटलं की नाही कळलं नाही. म्हणाले, "वऱ्हाडात विमा विकणं कठीण आहे."

ता. १९, शनिवार. अकोला.

रेल्वेनं आलो. सोबत एक मोठं टरबूज, वाजवून घेतलेलं. फॉर्म खिशात. ऊन असं की फलाटाचे दगड चपलेतून बोलतात.

इवाई बेंचावरून घरी आले तेव्हा मी ओसरीवर. "या इवाई, या!" मिठी मारली, पण डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे. पाणी, सरबत, पंखा. मोटारीचा विषय सोडून जगातले सगळे विषय झाले.

जेवताना काढला त्यांनीच, शेजारचे एक वकील पंगतीला होते त्यांना ऐकवायला. "बिरीक असा गेला, असा गेला..." मी भाकरी मोडत राहिलो. यमुना वाढत होती, तिचा हात माझ्या ताटावर थांबला, पातळ वरण सांडलं थोडं. मी मान वर केली नाही. तिला इथं राहायचं आहे, मला संध्याकाळच्या गाडीनं जायचं आहे.

तेवढ्यात इहीणबाई चुलीपुढून, मोठ्यानं: "बिरीक गेला, बिरीक गेला! रस्ता येवढा थोरला, थो निंब तं जागचा हालला नाई. तुमीच गेले त्याच्यापाशी."

वकील हसले. इवायांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा झाल्यावरच खाली. मी टरबूज कापायला घेतलं. लाल निघालं. कधी नव्हे ते देवाचे आभार मानले.

ता. १९, तीच. गाडीत लिहितो, अक्षर हलतं.

निघण्याआधी इवायांनी मला गोठ्याकडे नेलं. एक म्हातारा बैल आहे, पटातला, कामाला नाही, नुसता पोसतात. त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ बैलाशीच बोलले. मग, "इवाई, फारम आनला हाय म्हने तुमी."

"कोनी सांगतलं?"

"सूनबाईनं. बोल्ली नाई, पन सांगतलं." मग म्हणाले, "आज बेंचावर एक टांगेवाला उभा केला होता. लायसन नाई. म्हने सायब, बिमार भावाच्या बदल्यात एक दिवस हाकला. मले दंड बोलाचा होता. तोंडातून शबदच निंगे ना. पुढची तारीख देल्ली अन् उठलो. लिवा माहं नाव."

म्हटलं, "इवाई, तुमचं नाव लिवलं का कंपनी पैसे देत नाई. मंग लिवून फायदा काय?"

"मंग पैशासाठी नका लिवू. लिवा म्हनून लिवा."

असा माणूस. पंधरा दिवस गावभर खोटं सांगितलं आणि आता खऱ्यासाठी हट्ट, तोही माझ्या खर्चानं. मी म्हटलं, बेंचावर कळलं तर? म्हणाले, "कळू द्या. शंकरपटात पडलो तवा पाच गावाईनं पाह्यलं होतं. मेलो नाई."

गोठ्याच्या भिंतीवर फॉर्म ठेवून लिहिलं. नारायणराव. परवाना: नाही. शाईनं. गफूरच्या नावाचा खड्डा होता, त्याच्यावरूनच. इवायांनी वाचायला मागितला, उलटा धरला, कारण इंग्रजी, आणि परत दिला. "बराबर हाये."

यमुना दारात उभी होती. पाया पडली. निघताना मागून तिचं गुणगुणणं ऐकू आलं, लहानपणी वांगी तोडताना गुणगुणायची तसं. बरेच दिवसांनी.

ता. २१, सोमवार.

मास्तरना फॉर्म दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा चष्मा पुसून. "शेट, हे पाठवलंत तर पैसे तर नाहीतच, वर कागद कंपनीच्या दप्तरात कायमचा. बेंच मॅजिस्ट्रेट, विनापरवाना! उद्या कोणी वाकडा वागला तर?" मग हळूच, "मी हे पाहिलंच नाही, असं समजा."

"नाई पाठवला तं?"

"तर काहीच नाही. गाडी तुमची, खर्च तुमचा."

सौ.चं मत विचारलं. "पाठवा का नका पाठवू, मले काय? गफूरचं नाव नाई न त्याच्यात? मंग झालं." आणि कैरी चिरायला बसली. लोणच्याचे दिवस आहेत, घरात दुसऱ्या कशाला जागा नाही.

विचार असा. पाठवला तर इवाई मोकळे होतील आणि अडचणीतही येतील. नाही पाठवला तर सुटतील आणि मला भेटताना खांद्यावरूनच पाहत राहतील. त्यांना कागदावर नाव हवं होतं, ते तर झालं. पोस्टात टाकायलाच हवं का? पण न टाकलेलं पत्र म्हणजे...

राहू द्या ताणावर. मुदत आहे.

ता. २४, गुरुवार.

गफूरला सांगितलं, तुझं नाव नाही. आणि लॉरीचं माहीत आहे. तो काही वेळ मोटार नसलेल्या मोटारखान्याकडे पाहत राहिला. मग, "सेठ, परमिट झालं तं पयली खेप तुमच्या संत्र्याची. किराया नाई घेनार."

म्हटलं, "घेजो. नाई तं मी दुसऱ्याची लॉरी पाहीन."

हसला. परमिटाचं अजून काही नाही, साहेब दौऱ्यावर. मिस्त्रीचा निरोप आहे, मोटार तयार. रविवारी जाऊन आणतो, गफूर म्हणाला. मिस्त्रीचे पैसे बांधून दिले.

ता. २७, रविवार.

संध्याकाळी ओसरीवर मास्तर आणि मी. फॉर्म मधे, त्याच्यावर अडकित्ता. मास्तर म्हणतात आज ठरवाच. मी म्हणतो आज रविवार, पोस्ट बंद. सौ. कैरीला मीठ लावत होती, तीही बाहेर येऊन बसली.

लांबून मोटारीचा आवाज आला. मास्तरनी मान वर केली. "तुमची तर नाही?"

मी डोळे मिटले. खोल, घुमटल्यासारखा आवाज, थोडं नाकातून. म्हटलं, "छ्या. डाक्टरची हाये. रेल्वे फाटकावरून येऊन राह्यले, दवाखान्याच्या वळनावर वळतीन पाहा आता."

वळली नाही. आमच्याच दाराशी थांबली. गफूर उतरला, धुळीनं पांढरा. डावा दिवा नवा, उजवा जुना, एकच डोळा धुतल्यासारखी दिसत होती. पैशांची पुरचुंडी जशीच्या तशी माझ्यापुढे ठेवली.

"मिस्त्रीनं घेतले नाई, सेठ. म्हने होऊन गेले."

"कोनी देल्ले?"

"थे नाई सांगत. म्हने, एक फेटेवाला आला होता, त्यानं सांगू नको म्हनून सांगतलं. मोटारीपाशी उभा राहून बिरीक दाबून पाह्यला म्हने त्यानं. चार-पाच डाव."

मास्तरनी अडकित्ता उचलला, फॉर्म पाहिला, पुन्हा ठेवला. जो खर्च मी केलाच नाही त्याचा क्लेम कसा करायचा, आणि ज्यानं केला त्याला विचारायचं कसं. तो तर 'मी नाही' म्हणेल आणि बैलाकडे पाहील. पण लिवा म्हणून लिवा, असं म्हणालाही तोच. मुदत अजून आहे. यमुनेला विचारावं का? ती सांगणार नाही, पण कळेल.

मास्तर गेले. फॉर्म देवघरातल्या फळीवर ठेवला आहे.

सौ. मिठाचे हात झटकत मोटारीभोवती एक चक्कर मारून आली. म्हणाली, "डाक्टरची छान हाये."

मोटार माझी होती. बडनेऱ्याचं फाटक सोडाच, दारात थांबेपर्यंत ओळखता आली नाही.